दोन ध्वजांखालचे एक जहाज

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत ट्राफल्गारच्या लढाईला बहुधा एकच वाक्य मिळते. १८०५ साली नेल्सनने फ्रान्स व स्पेन यांच्या संयुक्त आरमाराचा पराभव केला आणि स्वतः धारातीर्थी पडला, एवढे सांगून आम्ही शिक्षकमंडळी पान उलटतो. विद्यार्थ्यांपैकी एखादा चौकस मुलगा मात्र केव्हातरी विचारतो, ‘गुरुजी, त्या लढाईतील जहाजांचे पुढे काय झाले?’ प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर साधे नाही. त्या रणसंग्रामात दोन्ही पक्षांची मिळून साठ मोठी जहाजे ओळी धरून उभी होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांपैकी दोनच उरली, आणि ती दोन्ही इंग्लंडच्या पोर्टस्मथ बंदरात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होती. एक नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ आणि दुसरे त्याच्या शत्रुपक्षातील एक फ्रेंच जहाज. ‘व्हिक्टरी’ आजही आहे. दुसरे नाही. ह्या दुसऱ्या जहाजाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते लढाईत बुडाले नाही, वादळातही बुडाले नाही; तत्कालीन सरकारने ते शांततेच्या काळात, विचारपूर्वक आणि सन्मानाने बुडविले. असे का व्हावे, हे समजून घेणे हाच ह्या लेखाचा हेतू आहे.

जहाजाचे मूळ नाव ‘द्युगे-त्रुएँ’. सेंट मालो बंदरातील एका विख्यात फ्रेंच दर्यावर्दीचे हे नाव. चौदाव्या लुईच्या कारकीर्दीत, १७११ साली, त्याने ब्राझीलचे रिओ द जानेरो शहर जिंकून त्यावर खंडणी बसविली होती. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील रोशफोर येथील गोदीत बांधलेले हे जहाज २४ मार्च १८०० रोजी पाण्यात उतरले. नेपोलियन बोनापार्ट प्रथम कॉन्सल होऊन त्या वेळी पाच महिनेही झाले नव्हते.

जहाजाचा आराखडा ज्याने काढला त्याचे नाव झाक-नोएल साने. नाव वाचून वाचकांनी कोकणातील कोणी साने मुलूखगिरी करीत तिकडे पोहोचले होते, असा समज करून घेऊ नये. हा गृहस्थ ब्रेस्ट येथे १७४० साली जन्मलेला अस्सल फ्रेंच होता. दुर्गरचनेत जी कीर्ती वोबांची, तीच नौकारचनेत सान्यांची. म्हणून त्यांचे देशबांधव त्यांना ‘आरमाराचा वोबां’ म्हणत. त्यांनी चौऱ्याहत्तर तोफांच्या जहाजाचा एक नमुना १७८२ च्या सुमारास सिद्ध केला. पुढे फ्रान्सच्या सर्व गोद्यांनी तो प्रमाण मानला आणि त्यावरून शंभराच्या घरात जहाजे बांधली. शिडाच्या युगात एकाच आराखड्यावर इतकी मोठी जहाजे दुसऱ्या कोणत्याही राष्ट्राने बांधली नाहीत. एका गोदीत तयार झालेली डोलकाठी दुसऱ्या गोदीतील जहाजाला बसावी, एका जहाजावर शिकलेला खलाशी दुसऱ्यावर गोंधळू नये, हा त्यामागील व्यावहारिक विचार होता.

चौऱ्याहत्तर तोफा म्हणजे काय, हे थोडे स्पष्ट केले पाहिजे. असे जहाज सुमारे छपन्न मीटर लांब व पंधरा मीटर रुंद असे. त्याच्या पोटात एकावर एक असे तोफांचे दोन मजले असत. खालच्या मजल्यावर सर्वांत जड अशा अठ्ठावीस तोफा. त्यांचा एकेक गोळा आजच्या मापाने साडेसतरा किलोंच्या आसपास भरे. वरच्या मजल्यावर त्याच्या निम्म्या वजनाचे गोळे फेकणाऱ्या तीस तोफा. उरलेल्या सोळा लहान तोफा उघड्या तक्तपोशीवर, पुढे व मागे. हे सर्व चालविण्यास सुमारे सातशे माणसे लागत. आमच्याकडील एखाद्या लहान गावाची वस्ती लाकडाच्या एका पेटीत भरून समुद्रावर सोडावी, तसा तो प्रकार होता. जड तोफा बाजूंना असल्यामुळे लढताना जहाजे एकामागून एक अशी ओळ धरीत आणि शत्रूला आपली कूस दाखवीत. त्या ओळीत उभे राहण्याइतके बळ ज्याच्या अंगी, तेच खरे लढाऊ जहाज गणले जाई. ‘द्युगे-त्रुएँ’ हे त्या पंक्तीतले होते.

फ्रेंच ध्वजाखाली ह्या जहाजास पुरती सहा वर्षेही लाभली नाहीत, पण तेवढ्यात त्याने बरेच पाहिले. १८०१ च्या अखेरीस नेपोलियनने आपला मेहुणा सेनापती लक्लेर ह्यास वेस्ट इंडीजमधील सँ-दोमिंग बेटावर धाडले. तेथील गुलामांनी तूसँ लूव्हर्त्यूर ह्याच्या नेतृत्वाखाली स्वातंत्र्य मिळविले होते. ते मोडून काढणे हा मोहिमेचा उद्देश होता. मोहीम पिवळ्या तापाने आणि स्थानिकांच्या प्रतिकाराने धुळीस मिळाली. लक्लेर स्वतः १८०२ साली तापानेच वारला. पुढील वर्षी इंग्लंडशी पुन्हा युद्ध जुंपले आणि इंग्रजांनी काप-फ्रांसे बंदराची नाकेबंदी केली. तेथे अडकलेल्या ‘द्युगे-त्रुएँ’ ने जुलै १८०३ मधील एका रात्री बंदरातून निसटण्याचे धाडस केले. त्याच्याबरोबर निघालेले ‘द्युकेन’ दुसऱ्या दिवशी पकडले गेले. हे मात्र अटलांटिक ओलांडून, अगदी शेवटी पाठलागावरील इंग्रज जहाजाच्या तोफा चुकवून, स्पेनच्या कोरुन्या बंदरात शिरले. एक नाकेबंदी फोडून ते दुसरीत येऊन पडले होते. तेथून ते बाहेर पडले ते १८०५ च्या उन्हाळ्यात, व्हिलन्यूव्हच्या आरमाराबरोबर. त्या आरमाराची वाट कादिझ बंदरातून ट्राफल्गारच्या भूशिराकडे जाणार होती.

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी संयुक्त आरमाराची तेहतीस आणि इंग्रजांची सत्तावीस जहाजे समोरासमोर आली. ‘द्युगे-त्रुएँ’ आपल्या आरमाराच्या आघाडीच्या तुकडीत, द्युमान्वार ह्या उपसेनापतीच्या हाताखाली होते. नेल्सनने नेहमीची रीत सोडून शत्रूची ओळ मध्ये व मागे तोडली. त्यामुळे आघाडीची तुकडी लढाईच्या पुढे, एकटी, काहीही न करता सरकत राहिली. मागे वळून साहाय्यास जावे, तर वारा पडलेला. शिडांचे जहाज बैलगाडीसारखे जागच्या जागी फिरत नाही. मंद वाऱ्यात त्याचे तोंड वळविण्यास होड्या उतरवून दोरखंडाने ओढावे लागते. ती जहाजे वळून येईपर्यंत लढाईचा निकाल लागून चुकला होता. द्युमान्वार आपली चार जहाजे घेऊन निसटला. पुढे फ्रान्समध्ये त्याची चौकशी होऊन तो निर्दोष ठरला, तरी त्याच्या नावावरील डाग पुरता पुसला गेला नाही.

निसटणेही फार काळ साधले नाही. दोन आठवड्यांनी, ४ नोव्हेंबर रोजी, स्पेनच्या उत्तर किनाऱ्याजवळ ओर्तेगाल भूशिरासमोर सर रिचर्ड स्ट्रॅचन ह्याच्या तुकडीने त्या चौघांनाही गाठले. ‘द्युगे-त्रुएँ’ चा कप्तान क्लोद तूफे लढता लढता पडला, डोलकाठ्या कोसळल्या, आणि अखेर जहाजाने ध्वज उतरविला.

येथून ह्या जहाजाचे दुसरे आयुष्य सुरू होते. जिंकलेले जहाज दुरुस्त करून आपल्याच आरमारात घेणे ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. त्यात फुशारकी होती तशी काटकसरही होती, आणि सान्यांच्या नौकांचे सौष्ठव व वेग यांविषयी इंग्रज नाविकांच्या मनात आदरही होता. इंग्रजांनी जहाजाला ‘इम्प्लॅकेबल’, म्हणजे कशानेही न शमणारे, असे नाव दिले. १८०८ साली बाल्टिक समुद्रात इंग्लंड व स्वीडन एका बाजूला आणि रशिया दुसऱ्या बाजूला असे युद्ध चालू होते. २६ ऑगस्ट रोजी कप्तान टॉमस बायम मार्टिन ह्याने ‘इम्प्लॅकेबल’ पुढे काढून रशियाचे ‘व्सेव्होलोद’ गाठले आणि थोड्याच अवधीत त्याला नमविले. रशियाचे सबंध आरमार धावून आल्याने ते तेव्हा ताब्यात घेता आले नाही. नंतर वाळूत रुतलेले ते जहाज ‘सेंटॉर’ च्या साह्याने जिंकून जाळण्यात आले. ‘इम्प्लॅकेबल’ वरील सहा माणसे मेली व सव्वीस जखमी झाली. ह्या लढाईसाठी इंग्लंडने पुढे जे पदक दिले, त्याच्या पट्टीवर ‘इम्प्लॅकेबल’ हेच नाव कोरलेले आहे. फ्रान्सच्या ओक वृक्षांतून घडलेले जहाज, रशियाविरुद्ध लढले म्हणून, इंग्लंडच्या पदकावर अमर झाले! १८४० साली ईजिप्तच्या महंमद अलीविरुद्धच्या मोहिमेत ते सीरियाच्या किनाऱ्यावर होते. १८४२ मध्ये मायदेशी, म्हणजे आता इंग्लंडला, परतल्यावर त्याची युद्धसेवा संपली.

वाफेच्या यंत्रांचा काळ आला होता. शिडाची जुनी जहाजे मोडीत निघत होती. ‘इम्प्लॅकेबल’ वाचले, कारण त्याला एक नवे काम मिळाले. १८५५ पासून डेव्हनपोर्ट येथे ते मुलांना खलाशाचे शिक्षण देणारी तरंगती शाळा बनले. आम्हा शिक्षकांना ह्यात विशेष वाटावे असे काही आहे. वयाची पन्नाशी उलटलेला हा योद्धा त्यानंतर, मधली काही वर्षे वजा जाता, जवळजवळ शतकभर मुलांच्या सहवासात राहिला.

विसाव्या शतकाच्या आरंभी ते विकून मोडण्याचे ठरले होते. १९०८ साली राजा सातव्या एडवर्डच्या हस्तक्षेपाने तो बेत टळला. पुढे १९१२ साली जेफ्री व्हीटली कॉब ह्या सधन गृहस्थाने त्याच्या पालनाचे उत्तरदायित्व पत्करले. ह्या कॉबची हकीकत मनोरंजक आहे. नेल्सनचे एक काळचे ध्वजजहाज ‘फूद्रॉयाँ’ त्याने १८९२ साली विकत घेऊन प्रेमाने सजविले. ते १८९७ मध्ये वादळात सापडून ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटले. दुसरा कोणी असता तर कानाला खडा लावून बसला असता. कॉबने त्याच वर्षी दुसरे जुने जहाज विकत घेतले, त्याला गेलेल्या जहाजाचेच नाव दिले आणि त्यावर मुलांना शिकविणे पुन्हा सुरू केले. त्या दुसऱ्या जहाजाचे मूळ नाव ‘त्रिंकोमाली’.

ह्या ठिकाणी आमच्या कथेचा धागा अनपेक्षितपणे मुंबईशी येऊन मिळतो. ‘त्रिंकोमाली’ हे मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया ह्यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानाचे बांधलेले फ्रिगेट. ते १२ ऑक्टोबर १८१७ रोजी समुद्रात उतरले. त्यानंतर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा अस्त सुरू झाला, हे मराठी वाचकास वेगळे सांगावयास नकोच. परंतु त्याहूनही नवल पुढेच आहे. मुंबईत बांधलेल्या ह्या जहाजाचा आराखडा इंग्रजांनी ज्या मूळ नौकेवरून उचलला, ती ‘एबे’ नावाची फ्रेंच फ्रिगेट त्यांनी १७८२ साली पकडली होती. आणि ‘एबे’ चा रचनाकार दुसरा कोणी नसून तेच झाक-नोएल साने होते. म्हणजे एकाच हाताच्या रेषा एकीकडे रोशफोरच्या ओकात उतरल्या आणि दुसरीकडे मुंबईच्या सागवानात. ती दोन भावंडे १९३२ पासून पोर्टस्मथ बंदरात शेजारी शेजारी नांगरलेली होती. १९४३ साली युद्धकाळात नौदलाने दोघांना मिळून एकच शिक्षणसंस्था मानले आणि दोघांना एकच नाव दिले: ‘फूद्रॉयाँ’.

यातील एक भावंड गेले व दुसरे राहिले. असे का?

पहिले कारण लाकडाचे. ओक कणखर खरा, पण त्याच्यातील आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते. खिळे गंजले की लाकूड त्यांच्याभोवती कुजू लागते. सागवानातील तेल उलट लोखंडाचे रक्षण करते आणि किडीला दूर ठेवते. दीडशे वर्षांच्या समुद्रवासानंतर ओकाचे जहाज जर्जर झाले होते. सागवानाचे त्या मानाने धडधाकट होते. शिवाय ‘इम्प्लॅकेबल’ आकाराने पुष्कळच मोठे, त्यामुळे दुरुस्तीचा खर्चही मोठा.

दुसरे कारण काळाचे. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. इंग्लंडात अन्नाला शिधापत्रिका होती, बाँबहल्ल्यांत पडलेली घरे उभारावयास लाकूड पुरत नव्हते. जहाज नीट करण्यास एक लाख पौंडांहून पुष्कळ अधिक रक्कम लागेल असा हिशेब निघाला. नौदलाने ते मूळ मालकास, फ्रान्सला, देऊ केले. पण फ्रान्सची स्थिती अधिकच हलाखीची होती. त्याचे ब्रेस्ट बंदर तर भुईसपाट झाले होते. त्याने नकार दिला. ज्या पिढीला घर नाही तिने जुने जहाज जपावे, असे म्हणणे सोपे नाही, हे आम्ही मान्य करतो.

तिसरे कारण मात्र आम्हांस अधिक बोचते. हे जहाज दोन राष्ट्रांचे होते. फ्रान्सने ते बांधले, पण त्याच्या लेखी ते पराभवाचे स्मारक होते. इंग्लंडने ते चव्वेचाळीस अधिक शंभर वर्षे वापरले, पण त्याच्या लेखी अभिमानाचे ठिकाण ‘व्हिक्टरी’ होते. तिला १९२२ सालीच कोरड्या गोदीत कायमचे आसन मिळाले होते. दोघांच्या समाईक विहिरीचा गाळ कोणीच उपसत नाही, तशी गत झाली. दोन प्रांतांच्या वा दोन भाषांच्या शिवेवर ज्यांनी वाडवडिलांचे ग्रंथ आणि दप्तरे सांभाळली आहेत, त्यांस ह्याचा अर्थ उलगडून सांगण्याचे कारण नाही. ‘ते दोघांचे आहे’ हे वाक्य ऐकावयास उदार वाटते. व्यवहारात त्याचा अर्थ पुष्कळदा ‘ते कोणाचेच नाही’ असा होतो.

२ डिसेंबर १९४९ रोजी ‘इम्प्लॅकेबल’ पोर्टस्मथहून बाहेर ओढून नेण्यात आले. त्याच्यावर ब्रिटिश नौदलाचा ध्वज आणि फ्रान्सचा तिरंगी ध्वज एकाच वेळी शेजारी शेजारी फडकत होते. ज्या दोन ध्वजांसाठी शेकडो माणसांनी त्या तक्तपोशीवर प्राण दिले, ते दोन्ही त्याला निरोप देण्यास एकत्र आले होते. वाइट बेटाच्या पलीकडे खोल पाण्यात, पोटात लोखंडाचे वजन भरून आणि स्फोटके लावून, त्याचा तळ उडविण्यात आला. पण ते लगेच बुडाले नाही. वरचा लाकडी सांगाडा कित्येक तास लाटांवर तसाच तरंगत राहिला. आपण नाव दिले ‘न शमणारे’ आणि ते शब्दाला जागले, असे बघणाऱ्यांच्या मनात आले असल्यास नवल नाही.

बुडविण्यापूर्वी त्याच्या पिछाडीचा कोरीव भाग आणि नाळेवरील मूर्ती काढून घेतली होती. ती आज ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत. नांगर ओढण्याचा त्याचा फिरता खांब रोशफोरच्या सागरी संग्रहालयात, म्हणजे जन्मगावी, पोहोचला आहे. सबंध जहाज ज्यांना पेलले नाही, त्या दोन्ही राष्ट्रांनी त्याचे अवयव मात्र आदराने वाटून घेतले.

ह्या घटनेने इंग्लंडातील अनेकांच्या मनाला चटका बसला. ग्रिनिच संग्रहालयाचे संचालक फ्रँक कार हे त्यांपैकी प्रमुख. त्यांनी पुढच्याच दशकात ‘कटी सार्क’ ह्या प्रसिद्ध व्यापारी शिडजहाजाच्या रक्षणासाठी जनमत जागे केले. १९५४ मध्ये ते जहाज ग्रिनिचच्या कोरड्या गोदीत आले. ऐतिहासिक नौकांच्या रक्षणार्थ पुढे जो जागतिक न्यास निघाला, त्याच्या स्थापनेतही कार होते, आणि त्या न्यासाने आपले ब्रीद म्हणून ‘इम्प्लॅकेबल: पुन्हा कधीही नाही’ अशा अर्थाचे शब्द घेतले. एका जहाजाच्या मरणाने इतरांना जीवदान दिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आणि मुंबईचे ‘त्रिंकोमाली’? ते १९८६ पर्यंत मुलांना शिकवीत राहिले. १९८७ मध्ये ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे गेले. तेथे अनेक वर्षे खपून त्याचा जीर्णोद्धार झाला, त्याचे मूळ नाव त्याला परत मिळाले, आणि आज ते पाण्यावर उभे आहे. वाडियांच्या कारागिरांनी घडविलेल्या त्या सागवानी कुशीकडे पाहताना सान्यांच्या लेखणीची वळणे अजूनही दिसतात. थोरले भावंड मोठे, नामांकित आणि रणझुंजार होते. पण टिकले ते धाकटे, चांगल्या लाकडाचे आणि शेवटपर्यंत कामात असलेले.

चौकस विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. त्यात आम्हा शिक्षकांनी आणखी एक वाक्य घालावे असे सुचवून आम्ही रजा घेतो. जुनी वस्तू तिच्या कीर्तीने टिकत नाही. तिच्यात कोणाचे तरी रोजचे येणे-जाणे लागते, आणि ‘ही माझी आहे’ असे म्हणणारा निदान एक तरी माणूस लागतो. कॉब होता तोवर ‘इम्प्लॅकेबल’ ला असा माणूस होता. १९३१ साली तो वारला, आणि अठरा वर्षांनी जहाज त्याच्या मागोमाग गेले.